घटक ४ : भाबडेपणा आणि विश्वास – व्यवहार, राजकारण आणि समाजमाध्यमे

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• 'भोळा', 'भाबडा', 'भाविक', 'अडाणी' या शब्दांतील अर्थभेद सांगता येतील.
• भाबडेपणा कोणत्या परिस्थितीत निर्माण होतो, हे उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• आर्थिक व्यवहार, राजकारण आणि समाजमाध्यमे या तीन क्षेत्रांतील भाबडेपणाचे परिणाम विशद करता येतील.
• विश्वास आणि भाबडेपणा यांतील सीमारेषा ओळखता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण भाषा आणि समाजव्यवहार यांचा संबंध पाहिला. प्रस्तुत घटकात एका मनोवृत्तीचा विचार करावयाचा आहे. ही मनोवृत्ती म्हणजे भाबडेपणा. 'तो फार भाबडा आहे' असे आपण कधी कौतुकाने म्हणतो, कधी कीव करून, तर कधी उपहासाने. एकाच शब्दाला या तिन्ही छटा का लाभल्या, हा भाषेच्या अभ्यासकाने विचारावा असा प्रश्न आहे.

या विवेचनासाठी आपण बीड जिल्ह्यातील नारायणगडाचा परिसर डोळ्यांसमोर ठेवणार आहोत. बीड शहराजवळचा नारायणगड हे नगद नारायण महाराजांचे स्थान असून मराठवाड्यात ते 'धाकटी पंढरी' म्हणून ओळखले जाते. आषाढी एकादशीला येथे भाविकांची मोठी गर्दी होते. गडावर येणारा बहुसंख्य समाज कोरडवाहू शेती करणारा आणि साखर हंगामात ऊसतोडीसाठी स्थलांतर करणारा आहे. शब्दाला जागणे आणि दुसऱ्याच्या शब्दावर विसंबणे, या दोन गोष्टींवर येथील गावगाडा वर्षानुवर्षे चालत आला. अशा समाजात विश्वास हा जगण्याचा आधार असतो. हा आधार चुकीच्या जागी टेकवला गेला तर काय घडते, हे या परिसराने अलीकडच्या काळात अनुभवले आहे. म्हणून हा विषय येथून समजून घेणे उचित ठरते.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ शब्दांचा अर्थविचार

मराठीत 'भोळाभाबडा' हा जोडशब्द रूढ आहे. जोडीने वापरले जात असल्यामुळे हे दोन शब्द समानार्थी वाटतात. तथापि त्यांत सूक्ष्म भेद आहे. 'भोळा' हा स्वभावाचा विशेष सांगतो. ज्याच्या मनात कपट नाही, तो भोळा. शंकराला आपण 'भोळा सांब' म्हणतो. 'भाबडा सांब' म्हणत नाही. 'भाबडा' हा शब्द मात्र स्वभावापेक्षा आकलनाकडे निर्देश करतो. समोरच्याच्या मनात कपट असू शकते, हे ज्याच्या ध्यानात येत नाही, तो भाबडा. स्वतः निष्कपट असणे हा सद्गुण आहे. सगळे जग तसेच आहे असे गृहीत धरणे ही आकलनातील उणीव होय. 'भाबडी आशा', 'भाबडा समज' हे शब्दप्रयोग याच उणिवेवर बोट ठेवतात.

'अडाणी' हा शब्द शिक्षणाशी वा कौशल्याशी संबंधित आहे. अडाणी माणूस भाबडा असेलच असे नाही. नेकनूर किंवा हिरापूरच्या जनावरांच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी पाहा. तो बैलाचे दात मोजतो, त्याला चालवून पाहतो, खांदा चाचपतो आणि मगच विक्रेत्याशी भाव ठरवतो. त्याला लिहिता-वाचता येत नसेल. पण त्याला भाबडे म्हणता येणार नाही. उलट पदवीधर, नोकरदार, निवृत्त शिक्षक हे आपल्या क्षेत्राबाहेर पूर्णपणे भाबडे असू शकतात.

'भाविक' हा शब्द श्रद्धेशी निगडित आहे. श्रद्धा आणि भाबडेपणा यांची गल्लत करणे योग्य नाही. वारकरी कीर्तनपरंपरेत पूर्वपक्ष मांडून, म्हणजे स्वतःच आक्षेप उपस्थित करून, त्याचे निराकरण करण्याची रीत आहे. संतांनी ढोंगी साधूंवर कठोर टीका केली आहे. श्रद्धेच्या परंपरेतही पारख करण्याला मान होता, हे यावरून दिसते.

याच्या उलट टोकालाही एक शब्दप्रयोग आहे. १७६१ साली पानिपतच्या युद्धात विश्वासराव पेशवे मारले गेले. त्यावरून 'विश्वास तर पानिपतातच गेला' असे म्हणण्याची प्रथा मराठीत पडली. कोणावरच विश्वास ठेवू नये, अशी ही भूमिका आहे. भाबडा माणूस सर्वांवर विश्वास ठेवतो, संशयी माणूस कोणावरच ठेवत नाही. वरवर हे दोघे परस्परविरोधी दिसतात. परंतु दोघांमध्ये एक साम्य आहे. दोघेही पारख करण्याचे कष्ट घेत नाहीत. एकाने उत्तर आधीच 'होय' ठरवलेले असते, दुसऱ्याने 'नाही'. प्रश्न विचारण्याची गरज दोघांनाही भासत नाही.

या चर्चेतून आपल्याला एक कसोटी मिळते. ज्या विश्वासात प्रश्न विचारण्यास जागा असते, तो डोळस विश्वास. ज्या विश्वासात प्रश्न विचारणे हा अपमान वा अपराध ठरतो, तेथे भाबडेपणाचा आरंभ होतो. पुढील विवेचनात हीच कसोटी आपण वापरणार आहोत.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) 'भोळा' आणि 'भाबडा' यांतील मुख्य भेद एका वाक्यात लिहा.
(आ) चूक की बरोबर ते सांगा : अडाणी माणूस भाबडा असतोच.
(इ) भाबडा आणि संशयी यांच्यातील साम्य कोणते?

४.२.२ पूर्वपरंपरा : 'तृतीय रत्न' आणि सुप्याचा उठाव

भाबडेपणाचा सामाजिक अर्थ मराठीत प्रथम ठळकपणे मांडला तो महात्मा जोतीराव फुले यांनी. १८५५ साली त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. दक्षिणा प्राइज कमिटीने ते स्वीकारले नाही. या नाटकात एक जोशी गरोदर कुणबी स्त्रीला ग्रहपीडेची भीती घालतो. होणाऱ्या बाळावर संकट येईल या धास्तीने नवरा-बायको ब्राह्मणभोजनाचा खर्च करतात आणि त्यासाठी कर्ज काढतात. नाटकातील विदूषक या साऱ्या व्यवहारातील लबाडी प्रेक्षकांसमोर उघडी करतो. अखेरीस ते जोडपे शिकण्याचा निर्णय घेते.

येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, फुल्यांनी त्या जोडप्याची टर उडवलेली नाही. ते मूर्ख आहेत म्हणून फसत नाहीत. पंचांग वाचण्याची विद्या एकाच्या हाती आहे आणि दुसऱ्याला ती पडताळून पाहण्याचे साधन नाही, म्हणून ते फसतात. भाबडेपणा हा व्यक्तीचा जन्मजात दोष नसून ज्ञानाच्या विषम वाटणीचा परिणाम आहे, ही या नाटकामागील भूमिका आहे. आजही ही भूमिका तितकीच महत्त्वाची आहे.

या नाटकानंतर वीस वर्षांनी हीच विषमता सावकारी व्यवहारात उघड झाली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ला केला. हा उठाव पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. शेतकऱ्यांचा मुख्य रोख कर्जखतांवर होता. ती हिसकावून घेऊन जाळण्यात आली. वाचता न येणाऱ्या माणसाने ज्या कागदावर निशाणी केली, त्याच कागदाच्या बळावर त्याची जमीन गेली होती. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. शेतकऱ्याने करून द्यावयाचे दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर व्हावेत, अशी तरतूद या कायद्यात होती. 'शेतकऱ्यांनो, सावध राहा' एवढा उपदेश पुरेसा नाही, पडताळणीची व्यवस्थाही उभी करावी लागते, हे तत्त्व येथे मान्य झाले.

त्या काळातील कागदावरची निशाणी आज मोबाइलच्या पडद्यावर आली आहे. एखादे ॲप सुरू करताना लांबलचक अटी न वाचता आपण 'मला मान्य आहे' या चौकटीवर अंगठा टेकवतो. साक्षर असूनही त्या क्षणी आपली अवस्था सुप्याच्या शेतकऱ्याहून फारशी वेगळी नसते.

४.२.३ आर्थिक व्यवहार : ठेवींचे उदाहरण

आता नारायणगडाच्या परिसराकडे वळू. बीड येथे मुख्यालय असलेली ज्ञानराधा मल्टिस्टेट को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटी ही या भागातील परिचित पतसंस्था होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये संस्थेशी संबंधित उद्योगसमूहावर आयकर विभागाने कारवाई केली. त्यानंतर ठेवी परत घेण्यासाठी शाखांसमोर रांगा लागल्या आणि पुढे ठेवी मिळणे बंद झाले. २०२४ मध्ये गुन्हे नोंदवले गेले, अटक झाली आणि अंमलबजावणी संचालनालयानेही तपास हाती घेतला. ठेवीदारांना १२ ते १४ टक्के व्याजाचे आमिष दाखवण्यात आले आणि ठेवींचा मोठा भाग त्याच समूहाच्या कंपन्यांकडे कर्जरूपाने वळवण्यात आला, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. ठेवीदारांची संख्या लाखांत आणि रक्कम दोन हजार कोटी रुपयांहून अधिक असल्याचे यंत्रणेने म्हटले आहे. या आरोपांचा निर्णय न्यायालय करील. आपला अभ्यासविषय वेगळा आहे : एवढ्या मोठ्या संख्येने लोकांनी विश्वास का ठेवला?

याची तीन कारणे संभवतात.

पहिले कारण ओळखीचे. ग्रामीण भागात पतसंस्थेचा ठेव प्रतिनिधी बहुधा गावातलाच असतो. तो दुकानावर, घरी येऊन पैसे नेतो, पासबुकावर नोंद करतो, लग्नकार्यात भेटतो. राष्ट्रीयीकृत बँकेत अर्ज भरताना ज्याला संकोच वाटतो, त्याला या माणसाजवळ मोकळे वाटते. ठेवीदाराचा विश्वास या परिचित माणसावर असतो. पैसे मात्र त्या माणसालाही ठाऊक नसलेल्या ठिकाणी जातात. माणसावरचा विश्वास नकळत संस्थेच्या नावे जमा होतो.

दुसरे कारण नावाचे. 'मल्टिस्टेट', 'सोसायटी', 'सहकारी' या शब्दांना महाराष्ट्रात वजन आहे. सहकारी साखर कारखाना, सहकारी दूध संघ यांनी ग्रामीण जीवन घडवले. त्या पुण्याईचा लाभ त्याच नावाने चालणाऱ्या प्रत्येक संस्थेला मिळतो. प्रत्यक्षात बहुराज्य सहकारी संस्था २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली नोंदवल्या जातात आणि त्यांचे निबंधक दिल्लीत असतात. जिल्ह्यातील सहकार खात्याकडे तक्रार घेऊन गेलेल्या ठेवीदाराला अनेकदा हे तेथे गेल्यावरच कळते. तसेच, बँकेतील ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवींना ते नसते. फलकावर 'बँकिंग' सेवांची यादी असली, तरी हा भेद त्यावर लिहिलेला नसतो.

तिसरे कारण आशेचे. एक साधा हिशोब करून पाहा. १ लाख रुपयांवर ७ टक्के दराने वर्षाला ७ हजार रुपये व्याज मिळते, तर १४ टक्के दराने १४ हजार. म्हणजे जास्तीचे ७ हजार मिळवण्यासाठी ठेवीदार १ लाखाची जोखीम घेत असतो. शिवाय १४ टक्के व्याज देणाऱ्या संस्थेला शाखा, पगार आणि प्रतिनिधींचे कमिशन यांचाही खर्च असतो. तो भागवायचा तर कर्जदाराकडून १७-१८ टक्के तरी घ्यावे लागतील. इतक्या महाग दराने कर्ज घेऊन ते नियमित फेडणारा उद्योग कोणता, हा प्रश्न विचारला की आकड्यांचा अर्थ उलगडू लागतो. अमेरिकेतील बोस्टन शहरात १९२० साली चार्ल्स पोंझी याने ४५ दिवसांत ५० टक्के परतावा देण्याचे सांगून हजारो लोकांना फसवले. नव्या लोकांच्या पैशांतून जुन्यांना परतावा देण्याच्या या पद्धतीला त्याचेच नाव मिळाले. आरंभीच्या लोकांना पैसे खरोखरच मिळतात आणि तेच प्रामाणिकपणे इतरांना सांगतात. म्हणून अशा योजनांचा प्रचार लबाडांपेक्षा समाधानी ग्राहकच अधिक करतात. २०१९ मध्ये इस्लामपूरच्या महारयत ॲग्रोचे कडकनाथ कोंबडीपालन प्रकरण आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतील टोरेस प्रकरण उघडकीस आले. शहर वेगळे, वस्तू वेगळी. आशा मात्र तीच.

आता आपली कसोटी लावून पाहू. पतसंस्थेचा ठेवीदार हा कायद्याने बहुधा तिचा सभासद असतो. वार्षिक सर्वसाधारण सभेला उपस्थित राहणे, ताळेबंद पाहणे, कर्जे कोणाला दिली ते विचारणे, हे सभासदाचे अधिकार आहेत. बाजारात बैलाचे दात मोजणारा माणूस येथे ताळेबंद मागत नाही. बैलाची पारख त्याला परंपरेने शिकवली आहे. ताळेबंदाची पारख कोणी शिकवलेली नाही. दुसरे असे की, ओळखीच्या माणसाला 'पैसे कोठे गुंतवता?' असे विचारणे त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखे वाटते. या भिडेची किंमत फार मोठी असते. ऊसतोडीच्या उचलीतून मागे टाकलेले पैसे, निवृत्तीनंतर एकरकमी मिळालेली रक्कम, मुलीच्या लग्नासाठी विकलेल्या जमिनीचे पैसे अशा ठेवींत असतात. ही रक्कम बुडाली तर ती पुन्हा उभी करण्यासाठी त्या माणसाकडे आयुष्याची तेवढी वर्षे उरलेली नसतात.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(अ) रिकाम्या जागा भरा : बहुराज्य सहकारी संस्थांचा केंद्रीय कायदा ________ साली झाला.
(आ) 'माणसावरचा विश्वास संस्थेच्या नावे जमा होतो' याचा अर्थ दोन-तीन वाक्यांत स्पष्ट करा.

४.२.४ राजकारण : आपलेपणा आणि आश्वासन

आर्थिक व्यवहारात आशा प्रभावी असते. राजकारणात आपलेपणा प्रभावी असतो. बीड जिल्ह्यातील गड ही श्रद्धास्थाने असून तेथे मोठा समाज एकत्र येतो. त्यामुळे राजकारण आणि समाजकारण यांनाही गडाचे आकर्षण वाटते. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, मराठा आरक्षण आंदोलनाचे नेते मनोज जरांगे पाटील यांचा मेळावा नारायणगडावर झाला. त्यापूर्वी भगवानगडावर दसरा मेळाव्याची परंपरा होती. २०१६ मध्ये गडावरून राजकीय भाषण होऊ नये, अशी भूमिका तेथील महंतांनी घेतली. त्या वर्षी पंकजा मुंडे यांचा मेळावा गडाच्या पायथ्याशी झाला आणि पुढील वर्षापासून तो सावरगाव घाट येथे होऊ लागला. कोणाची मागणी रास्त आणि कोणाची भूमिका योग्य, हा या घटकाचा विषय नाही. श्रद्धेचे ठिकाण आणि राजकीय व्यासपीठ यांत रेषा कोठे आखावी, हा प्रश्न या समाजाने स्वतःच उपस्थित केला, ही बाब आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

अशा रेषेची गरज का भासते? कीर्तन ऐकताना श्रोता मन मोकळे ठेवून बसलेला असतो. तीच भूमी, तोच समुदाय, तीच भाषा वापरून राजकीय आश्वासन दिले गेले, तर श्रोता त्याकडेही त्याच भावनेने पाहण्याची शक्यता असते. वक्ता आपला आहे, म्हणून त्याचे म्हणणे खरे आहे, असा निष्कर्ष मन परस्पर काढते. यात वक्त्याची लबाडी असेलच असे नाही. वक्ता प्रामाणिक असला, तरी आश्वासन पूर्ण करण्याचा अधिकार त्याच्याकडे आहे का, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

आश्वासन आणि अंमलबजावणी यांतील अंतर मराठा आरक्षणाच्या इतिहासात स्पष्ट दिसते. २०१४ मध्ये राज्य सरकारने १६ टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. २०१८ मध्ये कायदा झाला; २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने टक्केवारी कमी करून तो मान्य केला; परंतु ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. फेब्रुवारी २०२४ मध्ये १० टक्के आरक्षणाचा नवा कायदा विधिमंडळात संमत झाला. या दहा वर्षांत वेगवेगळ्या पक्षांची सरकारे आली. प्रत्येक टप्प्यावर गुलाल उधळला गेला. ज्या तरुणाने घोषणेच्या दिवशीच प्रश्न सुटला असे मानले आणि त्यावर भरतीची तयारी, वयोमर्यादेचा हिशोब, घरचा खर्च बेतला, त्याला प्रत्येक स्थगितीची किंमत स्वतःच्या वयाने चुकवावी लागली. मागणी करणे हा भाबडेपणा नाही. घोषणेलाच निर्णय आणि निर्णयालाच अंमलबजावणी मानणे हा भाबडेपणा होय.

कोणत्याही राजकीय आश्वासनाबाबत चार प्रश्न विचारता येतात : हे करण्याचा अधिकार कोणाला आहे? कोणत्या कायद्याने वा आदेशाने ते होईल? त्यासाठी पैसा कोठून येईल? कोणत्या मुदतीत होईल? हे प्रश्न विरोधकाने विचारले की टीका ठरते. म्हणून ते समर्थकाने विचारणे अधिक उपयुक्त असते. नेत्यावर प्रेम करणाऱ्याला हे विचारण्याचा हक्क उरला नसेल, तर ते नाते विश्वासाचे राहिलेले नाही, असे समजावे.

४.२.५ समाजमाध्यमे : भीती आणि घाई

समाजमाध्यमांत आशा आणि आपलेपणा आहेतच. पण तेथील सर्वांत प्रभावी शक्ती भीती ही आहे. 'तृतीय रत्न' मधील जोशी हेच साधन वापरतो, हे येथे आठवावे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने मुले पळवणारी टोळी समजून ठार केले. त्या काळात मुले पळवणाऱ्यांविषयीचे संदेश आणि चित्रफिती देशभर व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. त्यांतील एक चित्रफीत मुळात पाकिस्तानातील कराची येथे मुलांच्या सुरक्षिततेविषयी जनजागृती करण्यासाठी तयार झालेली होती. खुलासा करणारा तिचा शेवट कापून टाकून ती खरी घटना म्हणून पसरवली गेली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली.

या घटनेतून भाबडेपणाचा एक वेगळा पैलू समोर येतो. ठेव बुडाली तर नुकसान विश्वास ठेवणाऱ्याचे होते. येथे मात्र विश्वास ठेवणाऱ्यांनी दुसऱ्यांचे प्राण घेतले. पिढ्यानपिढ्या गावोगाव फिरणाऱ्या, पाल ठोकून राहणाऱ्या समाजाला त्याची किंमत मोजावी लागली. संदेश पुढे पाठवणाऱ्यांपैकी अनेकांनी तो 'सर्वांना सावध करावे' अशा चांगल्या हेतूनेच पाठवला असेल. म्हणूनच चांगला हेतू ही पडताळणीची जागा घेऊ शकत नाही.

दुसरे उदाहरण 'डिजिटल अटक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फसवणुकीचे आहे. पोलीस, सीमाशुल्क किंवा तपास यंत्रणेचा अधिकारी असल्याचे भासवून व्हिडिओ कॉल केला जातो. 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले', 'तुमचे आधार गुन्ह्यात वापरले गेले' असे सांगून त्या माणसाला कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवले जाते. कोणाशीही बोलायचे नाही, अशी ताकीद दिली जाते आणि 'चौकशीसाठी' पैसे वळते करण्यास भाग पाडले जाते. भारतीय कायद्यात 'डिजिटल अटक' असा कोणताही प्रकार नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात' कार्यक्रमात पंतप्रधानांनीही याबाबत लोकांना सावध केले होते. अशा फसवणुकीत सुशिक्षित, निवृत्त अधिकारीही सापडतात. ज्याने आयुष्यभर कायदा पाळला, तोच कायद्याच्या नावाला अधिक घाबरतो.

या दोन्ही उदाहरणांत घाई आणि एकटेपणा समान आहेत. 'ताबडतोब पुढे पाठवा', 'कोणाला सांगू नका' ही दोन वाक्ये प्रश्न विचारण्याचा वेळ आणि प्रश्न विचारण्याची माणसे काढून घेतात. म्हणून संदेशातील मजकुरापेक्षा ही दोन वाक्ये आधी ओळखावीत. पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

४.२.६ दोष कोणाचा?

फसलेल्या माणसाला समाज प्रथम 'एवढे कसे कळले नाही?' असे विचारतो. हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात स्वतः शहाणे असल्याचे समाधान असते. फसलेल्याला मात्र शरम वाटते. तो घरी सांगत नाही, तक्रार करत नाही आणि फसवणारा पुढच्या गावी जातो. अपराध फसवणाऱ्याचा असतो, ही गोष्ट निःसंदिग्धपणे मान्य केली पाहिजे. महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण करणारा कायदा, २०१९ चा अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा आणि २०२३ च्या दुरुस्तीने बहुराज्य संस्थांसाठी आलेली सहकारी लोकपालाची तरतूद, या सर्वांमागे हीच जाणीव आहे.

तथापि कायदा बहुधा नुकसान झाल्यानंतर हाती येतो. त्यापूर्वीचे साधन म्हणजे प्रश्न. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण खरी ठरायची असेल, तर पुढच्याने ठेच लागल्याचे मागच्याला सांगितले पाहिजे आणि मागच्याने न हसता ते ऐकले पाहिजे. फसवणुकीची गोष्ट उघडपणे सांगता येईल असे वातावरण घरात, गावात आणि वर्गात निर्माण करणे, हा भाबडेपणावरील सर्वांत व्यावहारिक उपाय आहे.

४.३ सारांश

भोळेपणा हा निष्कपट स्वभाव, तर भाबडेपणा ही दुसऱ्याचे कपट न ओळखण्याची अवस्था होय. ती अशिक्षितांपुरती मर्यादित नसून प्रत्येक माणूस आपल्या परिचित क्षेत्राबाहेर भाबडा असू शकतो. महात्मा फुले यांनी 'तृतीय रत्न' मधून भाबडेपणाचे मूळ ज्ञानाच्या विषम वाटणीत असल्याचे दाखवले. सुप्याच्या उठावानंतर झालेल्या कायद्याने पडताळणीची व्यवस्था आवश्यक असल्याचे मान्य केले. आर्थिक व्यवहारात आशा, राजकारणात आपलेपणा आणि समाजमाध्यमांत भीती ही भाबडेपणाची प्रमुख कारणे आहेत. त्याचे परिणाम कधी विश्वास ठेवणाऱ्याला, तर कधी निरपराध त्रयस्थाला भोगावे लागतात. संशयी होणे हा यावरील उपाय नाही. विश्वास कायम ठेवून प्रश्न विचारता येणे आणि समोरच्याने त्या प्रश्नाचा राग न मानणे, यातून डोळस विश्वास निर्माण होतो.

४.४ शब्दार्थ

उचल : ऊसतोड हंगामापूर्वी मजुराला आगाऊ दिली जाणारी रक्कम.
ताळेबंद : संस्थेची मालमत्ता व देणी दाखवणारे वार्षिक पत्रक.
भीड : संकोच, दुसऱ्याचे मन दुखावेल म्हणून बोलणे टाळणे.
पूर्वपक्ष : चर्चेत प्रथम मांडलेली आक्षेपाची बाजू.
पाल : भटक्या समाजाचा कापडी तंबू.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : (अ) भोळा स्वतः निष्कपट असतो, तर भाबड्याला दुसऱ्याच्या मनातील कपट ओळखता येत नाही. (आ) चूक. (इ) दोघेही पारख करण्याचे कष्ट घेत नाहीत.
प्रश्न – २ : (अ) २००२. (आ) ठेवीदार गावातील परिचित प्रतिनिधीवर विश्वास ठेवतो. पैशांचा वापर मात्र त्या प्रतिनिधीच्या हाती नसतो. त्यामुळे व्यक्तीची पत न तपासलेल्या संस्थेला मिळते.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. 'भाबडेपणा हा बुद्धीचा नव्हे, तर परिस्थितीचा प्रश्न आहे.' 'तृतीय रत्न' च्या आधारे चर्चा करा.
२. आशा, आपलेपणा आणि भीती यांपैकी कोणते कारण तुम्हांला अधिक प्रभावी वाटते? सोदाहरण लिहा.
३. टीप लिहा : राईनपाडा येथील घटना आणि अफवेची जबाबदारी.

४.७ क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावातील किंवा परिसरातील एखाद्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेला सभासदासोबत जाऊन किती सभासद उपस्थित होते, कोणते प्रश्न विचारले गेले आणि त्यांना कशी उत्तरे मिळाली, याची नोंद करा. घरातील ज्येष्ठांना त्या वर्षीचा ताळेबंद सोप्या मराठीत समजावून सांगा. तो समजावताना ज्या शब्दांपाशी तुम्ही स्वतः अडलात, त्यांची यादी करून संपर्कसत्रात चर्चेसाठी आणा.